भाषा गट कसा बांधते: 'डिस्कोर्स कम्युनिटी' या कल्पनेची पार्श्वभूमी

एकच भाषा बोलणारी दोन माणसं एकमेकांना परकी वाटू शकतात. आणि जगाच्या दोन टोकांना राहणारे दोन शल्यविशारद परिच्छेदभर मजकुरावरून ओळखतात की लिहिणारा आपल्यातला आहे. समान कामासाठी समान रीतीने बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या अशा समूहाला 'डिस्कोर्स कम्युनिटी' म्हणण्याची पद्धत रुळली ती १९८०च्या दशकात. तिच्यामागचे प्रश्न मात्र फार जुने आहेत.

इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये खटल्यांचा निकाल शेकडो नागरिक मतदानाने देत आणि वादी-प्रतिवादींना स्वतः उभं राहून बोलावं लागे. बोलता न येणं तिथे महागात पडे, म्हणून वक्तृत्व शिकवणाऱ्यांना मागणी होती. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीहून शिष्टमंडळाबरोबर आलेल्या गॉर्जियस या वक्त्याच्या भाषणांनी अथेन्सला भुरळ घातली. पुढच्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने या कलेचं शास्त्र मांडलं. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद ही त्याची त्रयी सगळेच सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं श्रोत्यांविषयीचं विवेचन. भाषणाचा हेतू श्रोत्यावरून ठरतो, असं तो म्हणतो; तरुणांचा आणि वृद्धांचा स्वभाव वेगवेगळा उलगडून दाखवतो. अथेन्सवासीयांपुढे अथेन्सची स्तुती करणं अवघड नाही, हे सॉक्रेटिसचं वचनही तो देतो. त्याचा श्रोता मात्र आधीपासून समोर बसलेला आहे. बोलण्यातूनच श्रोत्यांचा गट घडतो, हा विचार नंतरचा.

तो नेमकेपणाने मांडला अमेरिकन विचारवंत केनेथ बर्क यांनी, १९५० मध्ये. त्यांच्या मते मन वळवण्याचा गाभा एकरूपतेत आहे: शब्द, सूर, हावभाव, विचार यांतून 'मी तुमच्यासारखाच आहे' हे पटवता आलं, तरच माणूस वळतो. आणि माणसं मुळात विभागलेली असतात म्हणूनच एकरूपतेची हाक द्यावी लागते, हेही त्यांनी सांगितलं. 'आपण' म्हणताच 'ते' कोण हेही ठरतं. राजकीय भाषणं ऐकताना बर्क यांचं हे म्हणणं सतत आठवावं इतकं ते खरं आहे.

भाषाशास्त्रज्ञ त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचले. विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळी पर्यटकांची गर्दी वाढत असताना, बेटाशी घट्ट नातं मानणाऱ्या रहिवाशांच्या उच्चारात काही स्वर अधिक ठळकपणे बेटाच्या वळणाचे झालेले त्यांना आढळले. आपण कुठले, हे ती माणसं नकळत स्वरांतून सांगत होती.

पण अशा भाषिक समाजात माणूस वाढतो. वैद्यक, कायदा किंवा विज्ञान यांच्या भाषेत त्याला प्रवेश मिळवावा लागतो. हा फरक बोचू लागला तो वर्गात. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या प्रत्येकाला आपल्या महाविद्यालयांत जागा देण्याचं धोरण स्वीकारलं. विद्यापीठाची भाषा ज्यांच्या कानावरही पडली नव्हती असे हजारो विद्यार्थी आत आले, आणि त्यांचं लेखन पाहून अनेक प्राध्यापक हबकले. तिथेच शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग ठरवण्यासाठी लिहून घेतलेले सुमारे ४,००० निबंध वाचले आणि १९७७ मध्ये दाखवून दिलं की या चुकांमागे सुसंगत तर्क आहे. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या चिकाटीच्या वाचनाबद्दल. मग १९८५ मध्ये लेखन-अध्यापनाचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बार्थोलोमे यांनी पुढचं पाऊल टाकलं: विद्यार्थ्याला आपण त्या समूहातले नसतानाच त्यातले असल्यासारखं लिहावं लागतं, आणि अडचण व्याकरणाइतकीच त्या अधिकाराच्या सुराची असते.

१९९० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी 'डिस्कोर्स कम्युनिटी' या संज्ञेला कसोट्या दिल्या: समान जाहीर उद्दिष्टं, परस्पर संपर्काची साधनं, स्वतःचे लेखनप्रकार, खास शब्दसंग्रह, जाणत्या सभासदांची पुरेशी संख्या वगैरे. त्यांचं उदाहरण होतं हाँगकाँगची टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या मंडळाचं. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या पेशांतले हे सभासद मुख्यतः एका नियतकालिकाने जोडलेले होते. वर्षभर आधीच लेखन-अध्यापनाचेच अभ्यासक जोसेफ हॅरिस यांनी मात्र सावध केलं होतं, की 'कम्युनिटी' या शब्दाच्या उबेत मतभेद आणि सत्ता झाकली जाते, आणि माणूस एकाच वेळी अनेक समूहांत वावरतो. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

स्वेल्स यांनी स्वतः २०१६ मध्ये आपल्या कसोट्या पुन्हा तपासल्या. उद्दिष्टांबाबतची सहमतीची अट त्यांनी सैल केली आणि काही नव्या कसोट्या जोडल्या. त्यांतली एक अशी: समूहात काही गोष्टी बोलून दाखवाव्याच लागत नाहीत, आणि त्या कोणत्या हे आतल्यांना माहीत असतं.