वाचनाचा तास कुणाचा? सीमाभागातल्या मराठी शाळांची पार्श्वभूमी

बेळगावच्या, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या मराठी शाळेत वाचन म्हणजे मराठीचा तास, ही समजूत जुनीच. समाज विज्ञानाच्या तासाला एकाने उभं राहून परिच्छेद वाचायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं, मग गुरुजींनी ‘कळलं ना?’ म्हणायचं. 1956 मध्ये मुंबईचं म्हैसूर (आजचं कर्नाटक) असं राज्य बदललं, क्रमिक पुस्तकं बदलली. हे काही बदललं नाही.

पुढची सगळी भांडणं कोणत्या भाषेत शिकायचं यावरची. वाचायचं कसं, यावर कुणी भांडलं नाही. कर्नाटक सरकारचा 1982 चा कन्नडलाच प्रथम भाषा करणारा आदेश कोर्टात गेला. 1994 मध्ये पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच, असा दंडक आला. कागदावर मराठी माध्यमाला तो आधारच होता. पण मुलाची मातृभाषा ठरवणार कोण? वीस वर्षांनी, 2014 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार पालकांना दिला आणि माध्यमाची सक्ती घटनाबाह्य ठरवली. इंग्रजी माध्यमाची वाट मोकळी झाली ती इथे. त्याच वर्षी बेळगावचं सरकारी नाव बदललं आणि आपली बहुतेक शाई त्यावरच खर्ची पडली! पुढे 2017-18 पासून पहिलीपासून कन्नड सक्तीचं झालं. इंग्रजी त्याआधीच आलेलं. म्हणजे अक्षरओळख पक्की होण्याआधीच पोरांपुढे तीन लिप्या.

विज्ञान-गणिताचा तास हाही भाषेचाच तास, असं राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात 2005 सालीच छापून आलं होतं. बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा त्यावर स्वतंत्र पेपरही आला. पण जुने शिक्षक त्याआधीच शिकून बाहेर पडलेले. खरं तर अशा तासाच्या आखणीला फार काही लागत नाही. मलप्रभा नदीचा पाठ घ्या. आधी नकाशा. कणकुंबीला उगम, समुद्र पश्चिमेला जवळ, मग नदी पूर्वेला का गेली? पोरं अंदाज बांधतात, मग मनात वाचून तो पडताळतात, ‘त्यामुळे’, ‘परंतु’ खाली पेन्सिलीने रेघ मारतात. गणितात ‘5 ने जास्त’ आणि ‘5 पट’ यांत गडबडणाऱ्या मुलाला बेरीज-गुणाकार येत असतो. उदाहरण नीट वाचलेलं नसतं.

2021 पासूनच्या केंद्राच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचा रोख तिसरीपर्यंतच्या वाचनावर आहे. विषयांची पुस्तकं खरी जड होतात ती त्यानंतर.