नॉर्मंडीतील मोबाइल होम सुट्ट्या

उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, कॅम्पिंगच्या आवारात कायम उभ्या केलेल्या चाकांच्या घरात एक-दोन आठवडे भाड्याने राहण्याची पद्धत. फ्रेंच लोक या घराला ‘मोबिल-ओम’ म्हणतात. फ्रेंच नियमांत ते इमारत नसून राहण्यायोग्य वाहन ठरते. म्हणून त्याची चाके आणि ओढण्याची सोय शाबूत ठेवावी लागते. मात्र रस्त्यावरून ते ओढत नेण्यास मनाई आहे. क्षेत्रफळ जास्तीत जास्त ४० चौ. मी. तेवढ्यात दोन-तीन छोट्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि बहुधा बाहेर लाकडी ओसरी असते.

या सुट्ट्यांचे मूळ १९३६ च्या कायद्यात आहे. त्या वर्षी फ्रेंच कामगारांना प्रथमच दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि हॉटेल न परवडणारी कुटुंबे तंबू घेऊन समुद्राकडे निघाली. तंबूमागून कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचे घर आले, नंतर मोबाइल होम. नॉर्मंडीत ते विशेष सोयीचे, कारण इंग्लिश खाडीवरचा पाऊस उन्हाळ्यातही केव्हा गाठेल याचा नेम नसतो; कापडी छपराखाली लहान मुलांना घेऊन तो काढणे कठीण. पोर्ट्समथहून विस्त्रेआम, शेरबूर, तर न्यूहेवनहून दीएपला फेरीबोटी येत असल्याने ब्रिटिश कुटुंबेही स्वतःची मोटार घेऊन येतात.

एका जागी मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला जाणे, हेच या सुट्टीचे खरे सुख. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य जिथे उतरले ते युटा, ओमाहा, गोल्ड, ज्यूनो आणि स्वोर्ड हे पाच किनारे सुमारे ८० किमी.च्या पट्ट्यात आहेत. आज तिथे मुले वाळूचे किल्ले करतात. आरोमांशला ओहोटीच्या वेळी युद्धकाळातील कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे अवशेष जवळून पाहता येतात. ओमाहाच्या वरच्या कड्यावर कोलव्हिल येथे अमेरिकी सैनिकांच्या नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत. समुद्रस्नानाच्या ओघात उरकून टाकण्याचे हे ठिकाण नव्हे. त्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. बायो गावाची ओळख म्हणजे नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्याची कथा सांगणारा, सुमारे ७० मी. लांबीचा भरतकाम केलेला पट. त्याचे संग्रहालय मात्र नूतनीकरणासाठी सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये भाडे सर्वाधिक असते आणि बुकिंग बहुतेक शनिवार ते शनिवार असे आठवड्याचेच होते. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की नाहीत, हे आधीच विचारून घ्यावे.

दिवसाची आखणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर करावी लागते. ओहोटीला स्थानिक लोक बादल्या घेऊन शिंपल्या वेचायला उतरतात. मों-सें-मिशेलच्या उपसागरात भरती-ओहोटीतील फरक १४ मी.पर्यंत जातो. पाणी झपाट्याने चढते आणि वाळूत पाय रुततो, म्हणून तिथे वाटाड्याशिवाय उतरू नये.