पर्कशन आन्सांबल (मधल्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांसाठी)

पर्कशन आन्सांबल म्हणजे फक्त तालवाद्यांचा गट. साधारण चार ते बारा वादक, आणि प्रत्येकाचा पार्ट वेगळा लिहिलेला. पुण्यात तालवाद्यांचा गट म्हटलं की ढोल-ताशा पथकच डोळ्यासमोर येतं, पण फरक इथेच आहे, पथकात पन्नास ढोल एकच ठेका वाजवतात, एखाद्याचं टिपरू चुकलं तर शेजारचे निभावून नेतात, इथे मात्र तुमची ओळ वाजवणारे तुम्ही एकटेच आणि चुकलात की तिथे सरळ भोक पडतं.

पाश्चात्य मैफलीत हा प्रकार तसा अलीकडचा. संगीतकार एडगार वारेझ यांची १३ वादकांची ‘आयोनिझेशन’ ही रचना १९३३ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. १९३९ मध्ये संगीतकार जॉन केज यांनी सहा जणांसाठी फक्त धातूच्या वाद्यांची रचना केली, त्यात मोटारीचे ब्रेक ड्रमसुद्धा आहेत, आणि तिचा हिशोब १६ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), ४-३-२-३-४ असा तोडलेला. तीनतालाचे विभाग ४-४-४-४ मोजायची सवय असलेल्याने हे एकदा हातावर मोजून बघावंच, १६ तेच पण चाल पार वेगळी. १९५० मध्ये पॉल प्राइस यांनी इलिनॉय विद्यापीठात हा रीतसर अभ्यासक्रम म्हणून चालू केला.

मधला टप्पा म्हणजे कोण? रोल, फ्लॅम, पॅराडिडल हे काठ्यांचे मूळ हात बसलेत, नोटेशन वाचता येतं, झायलोफोनवर (सुरात लावलेल्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य) दोन मॅलेट, म्हणजे गोल डोक्याच्या काठ्या, चालतात, चार मॅलेट नुकत्याच धरायला लागलाय असा विद्यार्थी. अशांच्या रचना बहुतेक तीन ते सहा मिनिटांच्या असतात, मधेच मात्रा बदलतात, पाचाच्या साताच्या होतात. तबला शिकलेल्या मुलांना सात नवे नाहीत, रूपक येतोच, पण रूपक ३-२-२ आणि कागदावर २-२-३ आलं की तीच मुलं हमखास अडखळतात. तीनावर दोन बसवताना एकाने ‘तकिट’ आणि दुसऱ्याने ‘तक’ तोंडाने म्हणत आधी जुळवावं, मग काठ्या घ्याव्यात, माझ्या मते याहून चांगला उपाय नाही.

संगीतकार स्टीव्ह राइश यांची १९७२ ची टाळ्यांची रचना दोघांना वाद्याशिवाय करता येते. १२ मात्रांत आठ टाळ्या आणि चार रिकाम्या जागा, एक जण तेच धरून ठेवतो, दुसरा दर काही आवर्तनांनी एक मात्रा सरकतो आणि १२ वेळा सरकल्यावर दोघं परत एकत्र येतात. शेजारच्याच्या टाळीमागे आपला हात ओढला जाऊ न देणं, तेच खरं अवघड, आणि या टप्प्यावर शिकायचंही तेच असतं. रिकाम्या मात्राही वाजवल्यासारख्या मोजाव्या लागतात. हळू आवाजात वाजवणंसुद्धा तसंच अवघड, नदीपात्रात महिनाभर ढोलाचा सराव केलेल्या पोरांना मोठा आवाज सहज येतो, पण तोच ठेका कुजबुजीइतका हळू वाजवायला सांगा, लय लगेच घसरते.

वाद्यांचा खर्च हा मोठा अडसर. पाच सप्तकांचा मरिंबा (झायलोफोनसारखंच पण मोठं वाद्य) महाग आणि जागाही खातो, त्यामुळे सूर नसलेल्या वाद्यांच्या रचनांपासून सुरुवात केलेली बरी. ब्रेक ड्रम, पाइप, पत्र्याचे डबे यासाठी बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चक्कर मारावी, मात्र एखादी काठी सोबत न्यावी आणि प्रत्येक तुकडा वाजवून बघूनच घ्यावा, दिसायला सारखे दोन ड्रम आवाजाला कधीच सारखे नसतात. बसताना अर्धगोल करावा, बेस ड्रम मधोमध मागे, म्हणजे हाताने ताल दाखवणारा कंडक्टर नसला तरी सगळ्यांना एकमेकांचे हात दिसतात.