किशोर कादंबरी

किशोर कादंबरी : साधारणपणे १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली आणि त्याच वयाचे मुख्य पात्र असलेली कादंबरी. जगभर ती ‘यंग ॲडल्ट’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला कुमार कादंबरी असेही म्हणतात. वयाची ही चौकट प्रकाशकांच्या आणि ग्रंथपालांच्या सोयीची आहे. वाचणारे ती पाळत नाहीत. या कादंबऱ्यांच्या वाचकांत प्रौढही पुष्कळ असतात. म्हणून वाचकाच्या वयापेक्षा गोष्ट कुठे उभे राहून सांगितली आहे, यावरून हा प्रकार अधिक नेमका ओळखता येतो.

मोठेपणी आठवून सांगितलेले शाळेचे दिवस आणि ते दिवस भोगत असलेल्या मुलाने सांगितलेली गोष्ट, यांत मोठे अंतर आहे. आठवणी सांगणाऱ्याला पुढचे सगळे ठाऊक असते, त्यामुळे त्याच्या सुरात आपोआप क्षमा येते. किशोर कादंबरीतल्या निवेदकाला ही सवलत नसते. उद्या काय होणार हे त्याला माहीत नसते आणि आजचा अपमान त्याच्या लेखी कायमचा असतो. प्रथमपुरुषी निवेदन आणि वर्तमानकाळ या प्रकारात इतके आढळतात, त्याचे मूळ इथे आहे. नायकाच्या घडणीची कादंबरी युरोपात आधीपासून होती. जर्मन लेखक गटेची विल्हेल्म माइस्टरची कथा (१७९५–९६) हा तिचा ठळक नमुना. पण तिथे नायक जगात आपली जागा शोधून स्थिरावतो. किशोर कादंबरी बहुधा त्याच्या बरीच आधी थांबते. सीमारेषा अर्थात पुसट आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा (२००४) निवेदक नववीतला आहे, तरी ती कादंबरी प्रौढांच्या साहित्यातच गणली गेली.

वेगळ्या वाचकवर्गाची जाणीव जुनी आहे. इंग्लंडमध्ये लेखिका सेरा ट्रिमर यांनी १८०२ मध्येच १४ वर्षांपर्यंतच्या ‘बालकांची’ आणि १४ ते २१ वर्षांच्या ‘तरुण व्यक्तींची’ पुस्तके वेगळी मानली होती. मात्र हा वर्ग प्रत्यक्षात तयार झाला तो शिक्षण लांबले तेव्हा. तेराव्या-चौदाव्या वर्षी कामाला लागणाऱ्या मुलांना किशोरपण फारसे मिळतच नव्हते. माध्यमिक शाळा पसरल्या, तसा बालपण आणि कमावते वय यांच्यामध्ये काही वर्षांचा अवकाश निर्माण झाला. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांचा पौगंडावस्थेवरील ग्रंथ १९०४ चा. आधुनिक किशोर कादंबरीची सुरुवात मात्र बहुतेक अभ्यासक १९६७ पासून धरतात. त्या वर्षी एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ आली : गरीब आणि श्रीमंत मुलांच्या दोन टोळ्यांचे वैर, तेही चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून. आईवडील त्यात जवळजवळ नाहीतच.

या प्रकाराचा गाभा प्रेम, मैत्री किंवा बंडखोरी यांत शोधला जातो. तो सत्तेत आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. किशोरवयीन माणसाला जाब विचारण्याइतके मोठे मानले जाते, पण निर्णय घेण्याइतके मोठे मानले जात नाही. घर, शाळा, न्यायालय, शासन या सगळ्यांशी त्याची गाठ या विचित्र जागी पडते. अमेरिकन समीक्षक रोबर्टा ट्राइट्स यांनी २००० साली हीच मांडणी केली : या कादंबऱ्यांतले वाढणे म्हणजे निव्वळ स्वतःचा शोध नव्हे, तर संस्थांच्या सत्तेशी व्यवहार करायला शिकणे, आणि ही सत्ता दाबते तशी बळही देते.

रॉबर्ट कॉर्मिअर यांची ‘द चॉकलेट वॉर’ (१९७४) या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. एका कॅथलिक शाळेत निधीसाठी मुलांनी चॉकलेटचे डबे विकायचे असतात. विक्री नावापुरती ऐच्छिक. विद्यार्थ्यांची एक गुप्त टोळी जेरी नावाच्या नव्या मुलाला हुकूम सोडते : दहा दिवस नकार द्यायचा. तो देतो. अकराव्या दिवशी हुकूम संपतो, तरी तो नकारच देतो. तोपर्यंतचा नकार टोळीचा होता, इथून पुढचा त्याचा स्वतःचा. शिक्षक आणि टोळी, एरवी एकमेकांना वचकून असलेल्या या दोन सत्ता, मग त्याच्याविरुद्ध एक होतात आणि जेरी मोडतो. शेवट बदलावा असा प्रकाशकांचा आग्रह होता. कॉर्मिअर यांनी तो मानला नाही. त्यांच्या मुलाने खऱ्या आयुष्यात अशीच विक्री नाकारली होती आणि त्याचे काहीही बिघडले नव्हते. ‘बिघडले असते तर?’ या प्रश्नातून कादंबरी उभी राहिली.

भविष्यातल्या दमनकारी राज्यांच्या कादंबऱ्या हीच सत्ता मोठ्या पटावर दाखवतात. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) राज्य बारा विभागांतून प्रत्येकी एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडते आणि त्यांना मरेपर्यंत लढवते. चिठ्ठीत नाव येण्याचे वय १२ ते १८, म्हणजे नेमके या प्रकाराच्या वाचकाचे वय.

ओळखीचा प्रश्न सत्तेपासून वेगळा काढता येत नाही, कारण मुलाला नाव ठेवण्याचा अधिकार आधी इतरांकडे असतो. वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘मॉन्स्टर’मध्ये (१९९९) खुनाचा खटला चाललेला सोळा वर्षांचा मुलगा आपलीच कहाणी चित्रपटाच्या पटकथेच्या रूपात लिहितो. सरकारी वकील त्याला राक्षस म्हणते; तो शब्द त्याच्या वहीत घर करून बसतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचा मुख्य पेच ‘ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ’ असा मांडला होता. तो पेच अद्‌भुतकथेत थेट घटना बनू शकतो. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) गर्वाच्या भरात मोकाट सोडलेल्या सावलीला नायक अखेर स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

पालकांच्या आक्षेपांवरून या कादंबऱ्या शालेय ग्रंथालयांतून काढण्याचे वाद अमेरिकेत वारंवार झाले आहेत. कॉर्मिअर यांची कादंबरी त्यांत सतत सापडते. त्यामागे एक मूळ विसंगती आहे. किशोरांसाठीचे हे साहित्य लिहितात, छापतात, निवडतात आणि बहुधा विकतही घेतात ते प्रौढ. किशोरवयात लिहून प्रसिद्ध झालेले लेखक मोजकेच. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि ती छापून आली तेव्हा अठराच्या. टोळीतल्या मुलांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे कळले तर समीक्षक ती गांभीर्याने घेणार नाहीत, असे प्रकाशकांना वाटले. म्हणून मुखपृष्ठावर सुसन एलोईज या नावाची फक्त आद्याक्षरे आली.