मोड शेअर: कशातला वाटा?

सोलापूरच्या वाहतुकीची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सिटीबसचा वाटा तीस टक्क्यांवर न्यायला हवा.’ सगळे माना डोलावतात. तीस टक्के कशाचे, हे मात्र कुणी विचारत नाही. बातम्या, निवेदनं, आराखडे, सगळीकडे हाच घोळ वाचून आता वीट आला आहे.

साध्या गोष्टी आधी उरकून घेऊ. शहरातल्या फेऱ्यांपैकी किती टक्के कोणत्या साधनाने होतात, तो मोड शेअर. घरून कामाला गेलात ती एक फेरी, परत आलात ती दुसरी. सात रस्ता चौकात उभं राहून गाड्या मोजल्या तर तो निघत नाही, कारण तिथे भरलेली बस आणि एकट्याची स्कूटर दोन्ही एकेकच धरल्या जातात. बसचे प्रवासी वाढले म्हणजे वाटा वाढला, असंही नाही. दुचाक्या त्याहून झपाट्याने वाढल्या तर तो घटतोच. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

फसगत होते ती पुढे. वाटा दोन तऱ्हांनी मांडतात. एक, सर्व फेऱ्यांतला, म्हणजे पायी आणि सायकलवरच्याही धरून. दुसरा, फक्त वाहनफेऱ्यांतला, म्हणजे दुचाकी, कार, रिक्षा आणि बस एवढ्यांतला. दोन्हीकडे शब्द तेच, टक्केही तसेच दिसतात, पण अर्थ पार बदलतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ, ते सोलापूरचे नाहीत. १०० फेऱ्या: ३० पायी, १० सायकलने, ३० दुचाकी-कारने, २० शेअर रिक्षाने, १० बसने. बसचा वाटा सर्व फेऱ्यांत १० टक्के. वाहनफेऱ्या ६०, त्यांत तोच वाटा जवळपास १७ टक्के. आता चालणाऱ्यांपैकी १० जण बसमध्ये बसले. वाहनफेऱ्या झाल्या ७०, बसच्या २०, म्हणजे वाटा जवळपास २९ टक्के. दुचाकी-कारचा वाटा ५० वरून ४३ वर उतरला. अहवालात यश आलं! रस्त्यावर मात्र एकही दुचाकी कमी झालेली नाही. सर्व फेऱ्यांचा हिशेब लगेच खरं सांगतो: दुचाकी-कार तेव्हाही ३०, आताही ३०.

बसमध्ये बसलेल्यांचे पाय वाचले, तेही मोलाचं आहे. पण उद्दिष्ट जर खासगी गाड्या कमी करण्याचं असेल, तर ते तसूभरही पुढे सरकलेलं नसतं.

म्हणून माझा आग्रह पहिल्याच मांडणीचा. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली बाई वळलेल्या विड्यांची टोपली कमरेवर घेऊन कारखान्यात चालत जाते, विड्या मोजून देते, पानतंबाखू घेऊन परतते. वाहनफेऱ्यांच्या हिशेबात तिचं हे जाणं-येणं घडलेलंच नसतं. मग तिच्या वाटेवरचा फूटपाथ कुठल्या आकड्याच्या जोरावर मागायचा?

२०११ च्या जनगणनेत कामाला कसं जाता हे विचारलं होतं, ते बरंच झालं. पण तो तक्ता कामावर जाण्यापुरता, आणि त्यातून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार वगळलेले. शाळा, बाजार, दवाखाना यांच्या फेऱ्या त्यात नाहीत. त्याला शहराचा मोड शेअर म्हणून छापणं मला मुळीच पटत नाही.

पुण्याच्या २००८ च्या आराखड्यात २०३१ साठी पायी आणि सायकलने ५० टक्के, सार्वजनिक वाहतुकीने ४० आणि खासगी वाहनांनी १० टक्के फेऱ्या, असं उद्दिष्ट होतं. तेच वाहनफेऱ्यांत मोजलं तर सार्वजनिक वाहतूक ८० टक्के होते. एकच आराखडा, पण एकजण ४० सांगतो, दुसरा ८०, आणि दोघे भांडत बसतात. परदेशी दाखल्यांचंही तेच. लंडनने २०१८ मध्ये ठरवलेले २०४१ चे ८० टक्के हे सर्व फेऱ्यांपैकी आहेत, आणि त्यांत पायी, सायकल व सार्वजनिक वाहतूक तिन्ही मिळून येतात. सिंगापूरने २०१३ मध्ये २०३० साठी धरलेले सार्वजनिक वाहतुकीचे ७५ टक्के फक्त गर्दीच्या वेळचे. कोपनहेगनचे सायकलचे ५० टक्के फक्त काम आणि शिक्षणाच्या फेऱ्यांचे. हे आकडे एका रांगेत लावून ‘आपण कुठे?’ असं विचारणाऱ्या तक्त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बसथांब्यापर्यंतचं चालणं सहसा बसच्याच फेरीत धरतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

शेअर रिक्षाचं तसं नाही. आसरा चौकात सीट भरेपर्यंत थांबणारी रिक्षा रोज माणसं वाहते, पण आराखड्यात कधी ती सार्वजनिक वाहतुकीत, तर कधी खासगी वाहनांत. वरच्या पहिल्या उदाहरणात तिला बसमध्ये मिळवा, एकही नवी बस न येता सार्वजनिक वाहतूक १० वरून ३० टक्क्यांवर जाते. तिला वेगळा रकानाच हवा.