श्रवणक्षमतेतील लोकसंख्यागत भेद

माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या, कमीत कमी तीव्रतेच्या ध्वनीला श्रवणसीमा म्हणतात. वय, लिंग, आनुवंशिक वारसा आणि व्यवसाय यांनुसार ही सीमा वेगवेगळ्या लोकगटांत सरासरीने वेगळी आढळते. श्रवणचाचणीतील ‘शून्य डेसिबेल’ हाच मुळात एका लोकगटाचा आकडा आहे. शून्य म्हणजे नीरव शांतता नव्हे. कानाचा कोणताही विकार नसलेल्या, साधारण १८ ते २५ वयाच्या तरुणांची ती मध्यम श्रवणसीमा होय. त्यामुळे एखाद्या तल्लख कानाची सीमा उणे ५ डेसिबेलही भरते, आणि साठीतील माणसाला ‘कमी ऐकू येते’ असे सांगताना त्याची तुलना त्याच्या समवयस्कांशी नव्हे, तर या तरुणांशी झालेली असते.

तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेले, ध्वनी टिपतो. वयाचा परिणाम या पट्ट्याच्या वरच्या टोकापासून सुरू होतो, कारण आंतरकर्णातील कॉक्लिया या शंखासारख्या वळलेल्या नळीच्या बुडाशी उच्च कंप्रता टिपणाऱ्या केशपेशी असतात. त्या आधी नष्ट होतात आणि सस्तन प्राण्यांत पुन्हा तयार होत नाहीत. वेल्समधील हॉवर्ड स्टेपल्टन यांनी २००५ मध्ये आणलेले ‘मॉस्किटो’ हे उपकरण याच भेदावर चालते : त्याचा सुमारे १७,००० हर्ट्‌झचा आवाज दुकानासमोर घोळका करणाऱ्या पोरांना नकोसा होतो, चाळिशीतील दुकानदाराला मात्र त्याचा सहसा पत्ताही लागत नाही. पुढे ही झीज बोलण्याच्या पट्ट्यात उतरते. मराठीतील स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख उच्च कंप्रतेवर अवलंबून असते, स्वरांची बरीचशी ऊर्जा खालच्या पट्ट्यात असते; म्हणून भाजीवाला ‘साठ’ म्हणतो आणि आजोबांना ‘आठ’ ऐकू येते. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही वृद्धांची तक्रार अगदी नेमकी असते. घरचे ओरडून बोलतात, तेव्हा मुख्यतः स्वरच मोठे होतात.

वयाबरोबर पुरुषांची श्रवणशक्ती स्त्रियांपेक्षा लवकर घटते. आयएसओ ७०२९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीनुसार, ४,००० हर्ट्‌झला साठाव्या वर्षीची मध्यम घट पुरुषांत सुमारे २८, तर स्त्रियांत सुमारे १६ डेसिबेल आहे. १,००० हर्ट्‌झला मात्र दोघांची घट सारखीच, सुमारे ७ डेसिबेल धरली आहे. यातला काही भाग गोंगाटाच्या कामांमुळे असावा. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटासारखा आवाज वर्षानुवर्षे कानावर पडला, की श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्‌झच्या आसपास ठळक खाच दिसू लागते, आणि अशी कामे पुष्कळ काळ मुख्यतः पुरुषांकडेच राहिली. पण सगळा दोष गोंगाटावर ढकलता येत नाही. कान स्वतःच बाहेर टाकत असलेले अतिक्षीण ध्वनी नवजात मुलींमध्येही मुलांपेक्षा सरासरीने अधिक प्रबळ असतात.

गोंगाट वगळल्यास म्हातारपणी काय उरते, हे पाहण्यासाठी अमेरिकी कर्णतज्ज्ञ सॅम्युएल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधील (आता दक्षिण सुदान) शांत मुलखात राहणाऱ्या माबान लोकांची तपासणी केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेथील वृद्धांची श्रवणशक्ती अमेरिकी समवयस्कांपेक्षा बरीच चांगली आढळली. मात्र जन्मनोंदी नसल्याने ‘समवयस्क’ या शब्दाचा भरवसा किती धरावा, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय आहार आणि आनुवंशिकताही वेगळी होतीच.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणांत कृष्णवर्णीय प्रौढांची श्रवणसीमा श्वेतवर्णीयांपेक्षा सरासरीने सरस दिसते. आंतरकर्णातील मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते, पण ते सिद्ध झालेले नाही. जन्मजात बहिरेपणाबाबत आनुवंशिक भेद अधिक स्पष्ट आहेत. जीजेबी-२ या जनुकातील ३५डेलजी हा बिघाड युरोपीय वंशाच्या लोकांत, तर डब्ल्यू२४एक्स हा भारतीयांत अधिक आढळतो. दोन्ही अप्रभावी असल्याने मूल बहिरे होण्यासाठी सदोष प्रत आईवडील दोघांकडूनही यावी लागते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या, महाराष्ट्रातीलही अनेक समाजांत ही शक्यता वाढते.