जोर लावताना श्वास सोडायलाच हवा?

पिलाटेस या व्यायामपद्धतीच्या वर्गात पहिल्याच दिवशी कानावर पडतं: जोर लावताना श्वास सोडायचा, उलट झालं की व्यायाम वाया. यातला 'वाया' चूक आहे.

'हंड्रेड' हाच व्यायाम बघा. पाठीवर झोपून डोकं आणि पाय उचललेले, सरळ हात वर-खाली चाललेले. 5 ठोके श्वास आत, 5 ठोके बाहेर, अशी 10 आवर्तनं. म्हणजे 100 पैकी 50 ठोके श्वास घेतानाच मारलेले! पोट तेव्हा काही सुटीवर नसतं.

नियमाला आधार नाही असं नाही. जोरात श्वास सोडताना पोटाचे खोल स्नायू, विशेषतः कमरेला पट्ट्यासारखा वेढणारा आडवा स्नायू, आकसतात आणि धड सावरणं सोपं जातं. पण ही सोय झाली, सक्ती नव्हे. पाठ मागे वाकवताना बरेच शिक्षक मुद्दाम श्वास घ्यायला सांगतात. फासळ्या फुलल्या की छाती उघडायला मदतच होते.

खरी चूक वेगळीच: 'आता घेऊ की सोडू' या गोंधळात श्वास कोंडून धरणं. खांदे कानाशी, चेहरा लालबुंद. अशा वेळी मी तर मोजणीच बंद करायला सांगते. लय मागाहून बसते.